तुमच्या वहीतली ती सही माझ्या मुलाची आहे

आमच्या बंदरातले नौकामालक आणि मच्छीमार सोसायटीचे संचालक यांना खुलं पत्र

सर्व शेठ मंडळी आणि संचालक यांना सप्रेम नमस्कार.

जुलै सरत आला. बोटी अजून वर काढलेल्या, ताडपत्रीखाली आहेत. एक ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठेल. तोवर इंजिनं उघडली जातील, जाळी दुरुस्त होतील, आणि येत्या आठवड्यात तुमच्या ओटीवर उचल घ्यायला माणसं येऊन बसतील. ती बसण्याआधी तुम्ही दारूबद्दलचं माझं म्हणणं वाचावं, एवढ्यासाठी घाईने लिहिते आहे.

मी कोण ते तुम्हाला सांगायला नको. लिलावाच्या वेळी माझा आवाज तुमच्या कानावर रोज पडतो. तुमच्यातले निम्मे नात्याने माझे दीर नाहीतर चुलतसासरे लागतात. खरं म्हणजे समोर येऊनच बोलायला हवं होतं. पण तुमच्यासमोर उभी राहिले की माझ्या तोंडून आपोआप खोटं निघतं, अठरा वर्षांची सवय आहे ती. कागदावर तसं होत नाही. खाली नाव घालत नाही. बंदरात सगळे ओळखतीलच, बाहेरच्यांना कळून काय करायचंय?

आधी सहीचं सांगते.

तुमच्यापैकी एका शेठांच्या उचलीच्या वहीत, चार वर्षांपूर्वीच्या जुलैच्या पानावर, माझ्या यजमानांच्या नावापुढे सही आहे. ती माझ्या मुलाने केलेली आहे. तो तेव्हा पाचवीत होता. सकाळी साडेआठची वेळ. पहिला घोट पोटात जाईपर्यंत यांना पेन धरता यायचं नाही. पेन कागदाला टेकवलं की अक्षराच्या जागी नुसता गुंता व्हायचा. शेठांनी दोनदा वही पुढे सरकवली, मग हसून म्हणाले, "पोराला करू दे रे, शाळेत जातो ना तो!" मुलाने जीभ दातांत धरून, एकेक अक्षर लावत बापाचं नाव लिहिलं. अक्षर छान आलं म्हणून शेठांनी त्याच्या हातावर दहा रुपये ठेवले. उचलीची नोटांची गड्डी यांच्या हातात दिली.

मी दारात उभी होते. मीसुद्धा हसले. त्या हसण्याचा मला जेवढा राग येतो तेवढा शेठांचा येत नाही.

हे सोळाव्या वर्षी बोटीवर लागले. जेवण करायला, भांडी घासायला. हंगामाच्या पहिल्या फेरीत पावसात भिजून कुडकुडत होते, तेव्हा एका जुन्या खलाशाने झाकणभर दिली. थंडी जाते म्हणून. देणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, त्यालाही कोणीतरी तशीच दिलेली. पुढे इंजिनावर बसायला लागले. त्या खोलीतला आवाज आणि डिझेलचा वास दोन-दोन दिवस डोक्यातून जात नाही म्हणायचे. आमचं लग्न झालं तेव्हा बोट लागली की घ्यायचे. मग बोट सुटायच्या आधी. मग घरी असले की रात्री. मग सकाळी. यातली कुठली पायरी कुठल्या साली आली ते मला सांगता येणार नाही, कारण प्रत्येक पायरीवर मी म्हणत होते, एवढंच ना, चालायचंच, दर्यावर जाणारा माणूस आहे.

मी बचत गटाचा हिशोब ठेवते. रुपयाचा मेळ चुकला तर मला झोप लागत नाही. घरखर्चाच्या वहीत मात्र दारूला गेलेल्या पैशांपुढे मी "औषध" लिहायचे, कारण ती वही मुलगी चाळायची. एका महिन्यात किराण्यापेक्षा औषध जास्त झालं. तिने विचारलं, "आई, बाबांना झालंय तरी काय?" तेरा वर्षांची होती. तिला सगळं ठाऊक होतं. मी एकदा तरी खरं बोलावं म्हणून ती विचारत होती. मी म्हटलं, "पाठ दुखते त्यांची."

तुम्हालाही मी फोन करत होते. ताप आहे, जुलाब होतायत, बहिणीकडे कोणी वारलं. माझी नणंद या अठरा वर्षांत माझ्या फोनवर चार वेळा विधवा झाली असेल. तुम्ही "बरं बरं" म्हणायचात. तुम्हाला खरं माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी दोघं तसंच बोलत राहिलो.

एकदा तर मी स्वतः टोपलीत बर्फाच्या पिशवीखाली क्वार्टर घालून घरी आणली. बोट तासाभरात सुटणार होती आणि यांचे पाय लटपटत होते. घोट गेल्याशिवाय बोटीवर चढता आलं नसतं, आणि बोट चुकली असती तर महिन्याचा पगार गेला असता. मी पाजली आणि तुम्ही बोटीवर घेतलंत. इंजिनावर बसवलंत.

आता ज्या रात्रीसाठी हे पत्र लिहायला घेतलं तिचं सांगते.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीची फेरी. त्या बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे मुख्य, देवमाणूस. यांची तब्येत बघून त्यांना वाटलं की निदान आपल्या बोटीवर तरी दारू नको. त्यांनी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या, बाटल्या किनाऱ्यावर ठेवायला लावल्या. मला फोन करून सांगितलं, "वयनी, या खेपेला मी त्याला कोराच परत आणतो बघ." मी देवापुढे साखर ठेवली.

पहिल्या दिवशी हातपाय कापले, ओकाऱ्या झाल्या, सदरा घामाने भिजला. सगळे म्हणाले, उतरते आहे, उतरू दे. दुसऱ्या दिवशी जेवण नाही, झोप नाही. तिसऱ्या रात्री इंजिनाच्या खोलीतून वर आले आणि म्हणाले, जाळ्यात पोर अडकलंय, सोडवून आणतो. आणि कठड्यावर पाय टाकला. चौघांनी धरलं तेव्हा आवरले. पहाटेपर्यंत डोलकाठीला बांधून ठेवावं लागलं. बोट फिशिंग अर्धवट टाकून परत आली. घरी आणले तेव्हा मनगटांवर नायलॉनच्या दोराचे वळ होते, आणि एका वळात दोराचा निळा धागा रुतून बसला होता. तो मी सुईने काढला. हे माझ्याकडे बघत होते, पण मला ओळखत नव्हते.

गावाने ठरवलं, दर्यातलं काहीतरी लागलं. राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, राखण द्यायची. कोंबडा आणला, बाटली आणली. गाऱ्हाणं घातलं. बाटलीतली थोडी जमिनीवर सोडली आणि उरलेली प्रसाद म्हणून यांना पाजली. तासाभरात थरथर कमी झाली. रात्री झोप लागली. सकाळी उठले आणि मला नावाने हाक मारली. सगळे म्हणाले, राखण पावली. मी गुडघे टेकून हात जोडले.

देवाला मी बोल लावत नाही. आजही वर्षाचा नारळ ठेवते. पण त्या रात्री झालं काय होतं, ते कळायला मला पुढे दीड वर्ष लागलं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते नीट वाचा, कारण ते तुमच्याच बोटीवर पुन्हा होणार आहे. दारू मेंदूला दाबून ठेवते. जो रोज पितो त्याचा मेंदू त्या दाबाला पुरून उरण्यासाठी उलट जोर लावायला शिकतो. एक दिवस दारू एकदम काढून घेतली की दाब जातो आणि तो जोर तेवढाच उरतो. पहिल्या काही तासांत कापरं, घाम, ओकाऱ्या. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन-तीन दिवस झाले की काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, नसलेलं दिसतं. उपचार नसतील तर यात माणूस दगावतो. रुग्णालयात मेंदूला शांत करणारी औषधं मोजून देतात आणि दिवसादिवसाने कमी करत आणतात, ब१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. बहुतेकांचं शरीर आठवड्याभरात ताळ्यावर येतं. आणि त्यात मध्येच दारू पोटात गेली तरी कापरं थांबतं. राखण पावली ती अशी.

तांडेलांनी जे केलं ते मायेने केलं. माझ्या हातात असतं तर मीही तेच केलं असतं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की रोज पिणाऱ्याची दारू एका रात्रीत, डॉक्टरांशिवाय तोडायची नसते, आणि किनाऱ्यापासून आठ-दहा तासांवर तर मुळीच नाही. त्या चौघांची झोप जरा गाढ असती तर आज मी हे पत्र वेगळ्या मजकुराचं लिहीत असते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर, कर्दे, लाडघर, केळशी असं ठिकठिकाणी चरसची पाकिटं वाहून आली होती. आठवतंय ना? कस्टमचे लोक, पोलीस, वाळूत शोधाशोध, पेपरात फोटो. आपल्याकडेही पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. मुलांना किनाऱ्यावर जाऊ नका म्हणून बजावलं होतं. तसं करायलाच हवं होतं. पण मला त्या दिवसांत सारखं वाटायचं की माझ्या घरात जे रोज खिशातून येतं त्याचा पंचनामा कोण करणार? माझी मुलगी फाटकाच्या कडीवरून बापाची अवस्था ओळखायची. कडी एका झटक्यात निघाली तर ठीक. दोनदा-तीनदा खडखडली की ती अभ्यासाची वही मिटायची आणि भावाला घेऊन मागच्या पडवीत जायची. कोणी शिकवलं नव्हतं तिला. याच मुलावर मी एकदा हात उचलला, बापावरचा राग होता तो. त्याच्या कानाखाली माझ्या बांगडीची खूण आहे. लोकांना बोरीच्या काट्याने झाली म्हणून सांगतो.

गटातल्या बायका म्हणतात, आडवी बाटली करू या. कायदा मला माहीत आहे. गावातल्या पंचवीस टक्के बाई-मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, आणि एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होतं. ज्या गावांनी केलं त्यांना माझा नमस्कार. मतदान लागलं तर मी पहिल्या रांगेत असेन. पण दुकान बंद झालं म्हणून उचलीचे पैसे बंद होत नाहीत, आणि आपल्या माणसांना तालुक्याचा रस्ता ठाऊक आहे. शिवाय त्या रात्रीनंतर मला नुसत्या बंदीची भीतीच वाटते. म्हणून माझं मागणं दुकानदाराकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त आहे.

यांना आम्ही गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. महिन्याहून जास्त राहिले. बायकांच्या बैठकीत मला पहिल्यांदा कळलं की मीसुद्धा आजारी पडले होते. तिथल्या ताईंनी एक गोष्ट सांगितली. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन पिणारे, एक शेअर बाजारातला आणि एक डॉक्टर, एकमेकांना धरून दारूतून बाहेर आले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं. पुढे १९५१ मध्ये त्यातल्या एकाच्या बायकोने घरच्या माणसांसाठी वेगळी सभा सुरू केली, ॲलॅनॉन. त्या सभांमध्ये म्हणतात, ही दारू मी लावली नाही, माझ्याने ती आवरणार नाही आणि माझ्याने ती बरीही होणार नाही. हे ऐकून मी बैठकीतून उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धरलं. अठरा वर्षं मी रोज रात्री विचार करत होते की मी काय करायचं राहिलं.

हे परत आले तेव्हा यांचं चार किलो वजन वाढलं होतं. जून-जुलै जाळ्यांची कामं केली. मग नारळी पौर्णिमा आली. धक्क्यावर पूजा झाली, सोन्याचा नारळ दर्यात सोडला, आणि नंतर बोटीच्या आडोशाला पेले भरले. "सणाचं आहे, दर्याचा मान आहे, एकाने काय होतंय!" ग्लास यांनी स्वतः उचलला. ते मी तुमच्यावर ढकलत नाही. पण तो यांच्यापुढे कोणी धरला तेही मी पाहिलं आहे. त्या एका ग्लासाचे तीन आठवडे झाले. या वेळी मी फोनवर ताप आहे म्हणून सांगितलं नाही. "पिऊन पडलेत, दवाखान्यात नेते आहे," असं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग शेठ म्हणाले, "असं उघड बोलू नये गो." दुसऱ्या दिवशी यांची जागा दुसऱ्याला दिली. मी खोटं बोलत होते तोवर जागा शाबूत होती. खरं बोलले आणि ती गेली. शेठ, यावर तुम्ही विचार करा, एवढंच म्हणते.

त्याला आता दहा महिने झाले. दहा महिने यांनी थेंब घेतलेला नाही. उद्याचं मी सांगत नाही, हेही सांगत नाहीत. सकाळी उठून मला म्हणतात, "आजचा दिवस." मी म्हणते, "बरं." मुलगी कॉलेजात जाते आता. फाटकाची कडी वाजली की अजून वही मिटते. मी तिला काही बोलत नाही.

तर माझं मागणं. उचल देताना घरच्या बाईलाही बोलवा, आणि दोघांची तयारी असेल तर निम्मी रक्कम तिच्या खात्यात घाला. मासळी चांगली लागली की तुम्ही खुशीने बाटली देता, त्याऐवजी पैसे द्या, नाहीतर घरी न्यायला सुरमई द्या, पोरं तरी खातील. जो माणूस उपचाराला जाईल त्याची जागा एका हंगामापुरती राखून ठेवा. जागा जाईल या भीतीनेच माणसं लपवतात, आणि लपवतात म्हणून शेवटी डोलकाठीला बांधायची वेळ येते. एक ऑगस्टच्या आधी सोसायटीच्या सभागृहात सगळ्या तांडेलांना बसवा आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून ती कापऱ्याची, आकडीची गोष्ट ऐकवा. अर्धा तास लागेल. ज्या खलाशाला सकाळी प्यायल्याशिवाय पेन धरता येत नाही त्याला आधी दवाखान्यात न्यायचं, बोटीवर नाही, एवढं तरी ठरू दे. नेपाळहून आलेल्या मुलांचं तर फारच वाईट आहे. त्यांच्यासाठी फोन करून खोटं बोलायलाही इथे कोणी नाही. त्यांचं तुम्हालाच बघावं लागेल.

आणि सोसायटीच्या फळ्यावर डिझेलचा भाव लिहिता, त्याच्या खाली १४४४६ लिहा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी आहे, फोनला पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारसाठी एम्सने देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकाला कसलातरी उपचार मिळाला, असं त्यात आहे. आपल्याकडे मोठ्या पर्ससीन जाळ्याच्या बोटीवर पंचवीस-तीस माणसं जातात. म्हणजे एक भरलेली बोट आणि वर आणखी काही, एवढ्यांतून एक. आमच्या घरी तो एक आहे म्हणून मला लिहिता तरी आलं. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून. दुसरीही केंद्रं आहेत. गाडीभाड्याला पैसे नसतील तर आमचा गट बिनव्याजी देईल, तसा ठराव आम्ही या महिन्यात वहीत घातला आहे.

हे पत्र मी काल रात्री यांना वाचून दाखवलं. त्यांनी एक ओळ खोडायला लावली, ती त्यांच्या आईबद्दल होती. आणि एक घालायला सांगितली. "जाळ्यात पोर दिसलं तेव्हा मला भीती नव्हती वाटली, भीती वाटली ती बांधल्यावर, सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा. ते लिही."

सोमवारी सकाळी हे तुमच्याकडे येतील. इंजिनाचं काम विसरलेले नाहीत, गेले दहा महिने गावातली मशिनं दुरुस्त करूनच घर चाललं आहे. जागा असेल तर द्या, नसेल तर तोंडावर सांगा. असली तर वही पुढे करा आणि पेन यांच्या हातात द्या. मुलगा बरोबर येणार नाही, त्याची शाळा असते.

आपली,
तुमच्या बंदरातली एक मासेविक्रेती